फेस जातो कुठे

सावंत हात धुताना साबण जेमतेम दोनदा फिरवतात. हा चिक्कूपणा नाही. आमच्या अणुवीज केंद्रातलं सांडपाणी शुद्ध करायचं काम कित्येक वर्षं तेच बघतात.

मी तिथल्या प्रयोगशाळेत नवी होते. किरणोत्सारी भागातून बाहेर पडताना भीतीपोटी बेसिनपाशी कोपरापर्यंत फेस काढत उभी होते. मागून सावंत म्हणाले, "पुरे हो, मॅडम. हा सगळा फेस शेवटी माझ्याकडेच येतो."

मी हसले, पण ते खरंच सांगत होते. ते पाणी आटवून वाफेचं स्वच्छ पाणी करतात आणि मागे उरलेली किरणोत्सारी घाण वेगळी काढतात. साबण जास्त झाला की पाणी दुधासारखं उतू जातं आणि घाण पुन्हा स्वच्छ पाण्यात मिसळते. मग सगळं काम पहिल्यापासून.

धुणं म्हणजे आपला मळ दुसऱ्याच्या हवाली करणं, हे मला त्या बेसिनपाशी कळलं. आमच्याकडे तो दुसरा माणूस कोण ते ठाऊक आहे, आणि त्याचं काम चोख आहे. म्हणून तपासलेलं पाणी समुद्रात सोडायच्या कागदावर सही करताना माझा हात कधी अडखळत नाही.

काल घरी धुण्याची बादली मोरीत ओतली. फेस जाळीवर क्षणभर फुगला आणि खाली गेला. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, याचा मी आजवर विचारच केला नव्हता.

पुढच्या बादलीत पावडर निम्मीच टाकली. न जाणो, तिकडेही एखादे सावंत असतील.