साडूंची कविता तोरणाखाली

आदिलाबादपासून पैनगंगेपर्यंतच्या टापूत ऋतूंवर सर्वांत जास्त कविता आणि ऋतूंवरच सर्वांत जास्त संशय एकाच माणसाने केला असेल, तर तो माणूस म्हणजे आमचे साडू. उमेदीची सगळी वर्षं महसूल कचेरीत गेल्यामुळे असेल, पण मौक्यावर जाऊन तहकीकात केल्याशिवाय ते कवितेत गवताची काडीही शिरू देत नाहीत. तुरीच्या फुलांची ओळ सुचली की स्कूटर काढतात, मावला गावाच्या पुढे जाऊन तूर खरोखर फुलली आहे का ते पाहतात, आणि फुललेली दिसली तरी "यंदा लवकरच फुलली, काहीतरी भानगड हाय" असं म्हणून ओळ राखून ठेवतात. एकदा भर श्रावणात आमच्या गच्चीवरून काळाभोर ढग दाखवून मी म्हटलं, घ्या, कविता आली. त्यांनी त्या ढगाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "हा पावसाचा नोहे, साडूभाऊ. हा नुसता पाहणी करून राह्यला." ढग खरंच न बरसता निघून गेला, तेव्हापासून तर त्यांना आवरणं कठीण झालं.

निसर्गावर एवढी नजर, मग माणसांची काय कथा! मराठी, तेलुगू आणि उर्दू कवी एकत्र बसतात अशी एक बैठक आमच्याकडे अधूनमधून भरते. तिथे साडूंची पाळी आली की आधी सगळ्यांचे मोबाइल सतरंजीवर पालथे ठेवायला लावतात. मग कागदावर तळहात आडवा धरून वाचतात, आणि शेवटची ओळ वाचतच नाहीत. ती चोरीला जाते म्हणे. शेजारच्या शायरांनी भाबडेपणाने "आगे क्या हुआ?" असं विचारलं, तर साडू बाकीची बैठक संपेपर्यंत त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. कोणी लगेच वाहवा केली तर तो मत्सरी, उशिरा केली तर झोपला होता, आणि केलीच नाही तर ओळ मनात घोकत होता. मी यातल्या तिन्ही गुन्ह्यांत सापडलेलो आहे.

जगात एकच माणूस त्यांच्या संशयातून सुटला होता, त्यांची थोरली बहीण. तिला ते 'बाई' म्हणतात. बाई गुडीहत्नूरच्या आतल्या बाजूला एका खेड्यात कापूस नि ज्वारी पिकवते. दर रविवारी साडू तिला फोन लावून नवी कविता शेवटच्या ओळीसकट ऐकवायचे. कापूस वेचता वेचता ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "चांगली हाय रे, बापू." एवढ्या अभिप्रायावर हा गृहस्थ आठवडाभर खूश असायचा.

आणि मग गेल्या वर्षीच्या पोळ्यानंतर माझ्या फोनवर कुणीतरी त्याच गावच्या पोळ्याची चित्रफीत पाठवली. आमच्या भागात पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहिले की दोन बाजूंची माणसं समोरासमोर झडत्या म्हणतात. एका बाजूने यमक जुळवून दोन ओळी ठणकावायच्या, दुसरीने तशाच दोन ओळींनी उत्तर द्यायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर करायचा. चित्रफितीत एक धिप्पाड माणूस कानावर हात ठेवून ओरडत होता:

आभाळ आलं दारावर, मातीनं धरली ओटी,
बैल म्हणे मालकाले, आधी माह्यी रोटी!

मी हसत हसत साडूंना ऐकवलं. त्यांनी चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावायला लावली. पहिली ओळ त्यांची होती. दुसरीत त्यांनी 'निळ्या अबोल्याच्या मी सोडवतो गाठी' असं लिहिलं होतं, त्या जागी बैल जेवायला मागत होता. ही कविता बाईशिवाय कोणालाही ऐकवलेली नव्हती. त्या दिवसापासून साडूंनी बाईला फोन करणं सोडलं. तिचे फोन यायचे, ते वाजून वाजून बंद व्हायचे, आणि साडू त्या फोनकडे एखाद्या आरोपीकडे पाहावं तसे पाहायचे. वर्षभरात त्यांनी एकही कविता लिहिली नाही. ऐकवायची कोणाला, हा प्रश्न होता. मला त्यांचं हसू यायचं बंद झालं ते तेव्हा.

यंदाच्या पोळ्याला ते मला पंच म्हणून बरोबर घेऊन गेले. बाई अंगणात बैलाच्या शिंगांना रंग देत होती. साडूंनी पाणीही न पिता विचारलं, "बाई, माह्यी कविता कोणाले देली?"

"देली ना," ती म्हणाली. "आपल्या बाजूचा झडत्या म्हननारा म्हातारा गेला. पोळ्यात समोरचे म्हनून राह्यले, अन् आपली मानसं खाली मान घालून उभी. मले पाहवलं नाही. तुह्यी ओळ आठवली, ती दिराच्या कानात सांगितली. पुढचं त्याले जमलं नाही, त्यानं आपलंच जोडलं."

"मंग माहं नाव काऊन नाही सांगितलं?"

"झडतीले कोणाचं नाव रायते का रे? जो म्हनन त्याची ते." मग तिच्या हातातला रंगाचा बोळा खाली आला. "तू फोन काऊन नाही उचलला? मले वाटलं, तुले काही झालं, अन् घरचे लपवून राह्यले."

साडू बैलाच्या पाठीवरची झूल उगीच सारखी करत राहिले.

उतरत्या उन्हात आखरावर, गावची गुरं जमतात त्या मैदानात, तोरणाखाली सामना लागला. बैल मोजक्याच जोड्या. मागे दोन-तीन ट्रॅक्टरांनाही हार घातलेले होते. समोरच्या बाजूने झडती आली, आणि आमच्या बाजूने त्या धिप्पाड दिराने आभाळ दारावर आणलं. बैलाने रोटी मागितली तसं सगळं आखर हसलं, आणि गजरात सर्वांत मोठा आवाज माझ्या शेजारून आला. साडूंचा गळा फुटायचा बाकी होता. पुढच्या माणसाने वळून कौतुकाने विचारलं, "पावनं, तुमाले येते का एखादी?"

"नाही बा," साडू म्हणाले. "मी ऐकणारा."

परतताना बसमध्ये मला राहवलं नाही, म्हटलं, एवढं वर्ष जाळून घेतलंत, मग भर गावात एकदा सांगायचं होतं की ओळ माझी आहे. साडू काचेबाहेरच्या कपाशीकडे पाहत होते.

"बाईनं त्याईले देली," ते म्हणाले. "आता नाव सांगितलं तं वापस मागितल्यावानी होते."