दोनशे एक्केचाळीस दिवस

समोरच्या दारातले घड्याळवाले मला फुकटचं नेट देतात, त्यामुळे त्यांच्याविषयी वाकडं बोलायची सोय नाही. तरी त्या रविवारी मी तणतणतच त्यांच्याकडे गेलो. सलग तिसरा रविवार. दहाला दहा मिनिटं कमी असताना, ऐन रंगात आलेली मॅच माझ्या फोनवर गोठली होती.

चाळीस वर्षं या माणसाने घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केलं त्याच वर्षी बायको गेली. एकुलती एक मुलगी नोकरीपायी दूरच्या शहरात. घरात चौदा घड्याळं, सगळी एका वेळेवर. त्या टिकटिकीत हे दिवसभर एकटे कसे बसतात कोण जाणे, मी तर पाच मिनिटांत उठतो. गिऱ्हाइकाने चालतं घड्याळ 'जरा बघा' म्हणून आणलं, तर ते न उघडताच परत द्यायचे. चालत्या वस्तूला उगाच हात लावायचा नाही, हा त्यांचा बाणा.

पूर्वी त्यांच्याकडचा कंपनीने दिलेला राउटर दर दोन दिवसांनी मान टाकायचा. मग रविवारी दहाला मुलीचा फोन यायचा. "बाबा, मागचं बटण दाबा. दहा सेकंद. आता सोडा." बटण दाबता दाबता यांचा गुडघा, तिचा साहेब, तिच्या घराची गळकी मोरी, सगळं निघायचं. तास कुठे जायचा कळायचं नाही.

आठ महिन्यांपूर्वी ती आली आणि तिने राउटरमधली कंपनीची प्रणाली पुसून दुसरी घातली. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही उघडून वाचावी, हवी तशी बदलावी अशी. घड्याळवाल्यांना हे फार पटलं. "मागचं झाकण उघडता आलं पाहिजे," म्हणाले, "नाहीतर ते यंत्र आपलं कसलं?" राउटरला वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर एक पान उघडायलाही तिने शिकवलं. तिथून राउटरची सगळी बटणं हलवता येतात, आणि तो न थांबता किती दिवस चालला तेही दिसतं. तो आकडा हे रोज सकाळी कॅलेंडरवर लिहू लागले.

राउटर काही बंद पडेना. मुलीचे फोन आखडत गेले. "नेट चाललंय ना, बाबा? मग ठेवते." पुढे तेवढाही फोन येईना. तक्रारच नाही, तर ती तरी कशाला विचारेल?

"इतकं चोख काम करायला नको होतं पोरीने," एकदा ते मला म्हणाले. मी हसलो. मला तेवढीच अक्कल.

तर त्या रविवारी दार उघडंच होतं. ते कॉम्प्युटरपुढे वाकलेले, डोळ्याला घड्याळाचं भिंग, फोन स्पीकरवर. त्यांनी मला हातानेच बसायला सांगितलं.

"बाबा, तिसरा रविवार आहे," मुलगी म्हणत होती. "आज लॉग बघू. राउटरमध्ये जे जे होतं त्याची तिथे नोंद असते. शेवटच्या ओळी मला वाचून दाखवा."

दिसत नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. पण समोर आहे ते वाचायचं, ही आयुष्यभराची सवय. "नऊ एकोणपन्नास," ते वाचू लागले. "घरातल्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी आत शिरलं." थांबले. "नऊ पन्नास. वायरलेस बंद."

मी तक्रार करायला आलो होतो हे विसरून गेलो.

"बाबा, तुम्ही बंद केलंत?"

"हो."

"तिन्ही वेळा?"

"हो."

"अहो, मी हातातलं काम टाकून बसते इथे." ती चिडली होती. "आणि प्लगच काढायचा होता ना मग, एवढा खटाटोप कशाला?"

"प्लग काढला असता तर दिवसांचा आकडा शून्यावर आला असता. दोनशे एक्केचाळीस झालेत. तुझ्या हातचं काम ते. मोडवलं नाही."

ती हळू आवाजात म्हणाली, "वायरलेस चालू करा."

त्यांनी केलं. माझ्या खिशातला फोन थरथरला, मॅच परत सुरू झाली असणार. मी तो काढला नाही.

"झालं चालू?"

"झालं."

नेट चालू झालं की ती फोन ठेवते, हे मागच्या दोन रविवारांवरून मलाही माहीत होतं. "ठेवतेस ना?" त्यांनीच विचारलं.

"नाही. तुम्ही सांगा. काय बिघडलंय?"

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"करमत नाही गं मला," ते म्हणाले. "बाकी सगळं चालू आहे."