तळ्याकडे पाठ केलेलं घर

घर जळालं तेव्हा माणसं वाचली, एवढं एकच चांगलं झालं. वायरीने पेट घेतला आणि तळ्याकाठच्या आमच्या घराचं लाकूड-मातीचं माळवदी छत दोन दिवस धुमसत राहिलं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर दहा वर्षांपूर्वीच गेलेली. आईने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं आणि मी दोघांना उमरग्याला माझ्याकडे घेऊन आले.

जुन्या घरात अण्णा एकटे वावरायचे, एकटे गल्लीतून हॉटेलात चहाला जायचे. माझ्याकडे मोरीत जायलाही कुणीतरी लागायचं. मग ते पाणीच कमी पिऊ लागले. आईने हे सांगितलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला. लवकरात लवकर त्याच जागी घर बांधायचं मी ठरवलं, आणि तेही माझ्या मनासारखं.

शाळेतल्या आलेखाच्या कागदावर मीच नकाशा काढला. आमच्या गावात तळ्याकाठच्या सगळ्या घरांची तळ्याकडे पाठ. लहानपणापासून मला याची चीड. एवढं पाणी जवळ असून आम्ही बघायचं काय, तर गल्ली आणि शेजाऱ्यांची म्हैस. मी दार फिरवून तळ्याकडे केलं, पुढे ऐसपैस ओसरी काढली. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "तुझं तू बघ. मला कुठं दिसतंय?" मी तो होकार धरला.

आमच्या गवंड्याची एक रीत आहे. फक्की मारली, म्हणजे जमिनीवर पांढऱ्या पावडरीने भिंतींच्या रेघा ओढल्या, की पाया खोदण्याआधी तो घरधन्याला त्या रेघांच्या घरातून चालायला लावतो. दारातून आत, सगळ्या खोल्या फिरून दारातून बाहेर. भिंती उठल्यावर कुरकुर नको, असं त्याचं म्हणणं. अण्णांच्या पायांना कळावं म्हणून त्याने रेघांवर सुट्या विटा मांडल्या.

काठीने विटा चाचपत अण्णा सगळीकडे फिरले. स्वयंपाकघर कुठे, मोरी कुठे, बरोबर सांगितलं. मी खूश. गवंडी थट्टेने म्हणाला, "आता जावा हाटेलात, चा पिऊन या."

अण्णा खरंच निघाले. दार फिरवलंय हे त्यांना सांगितलेलं होतं, पण पायांना ते ठाऊक नव्हतं. विटांमधल्या दाराच्या जागेतून ते बाहेर पडले आणि चाळीस वर्षांच्या सवयीने झपझप सरळ चालू लागले. आम्ही नुसते बघतच राहिलो. आई "अवो, थांबा" म्हणेपर्यंत ते घोट्याएवढ्या पाण्यात पोचले होते. गवंड्याने धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"गल्लीत पानी कुठनं आलं?" अण्णांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. कठडा बांधू, होईल सवय, असं मी म्हणून बघितलं. त्यावर आई उखडली. "व्हईल की. पर तवर रोज हात कोन धरंल? अन् त्यांना हातच नको हाय, एवढं कळंना व्हय तुला?"

नकाशा माझा होता, म्हणून रेघाही मीच चपलेने पुसल्या.

नवी फक्की आईने सांगितली तशी मारली. दार पुन्हा गल्लीकडे, खोल्या जुन्याच जागी. वर स्लॅब, वायरी सगळ्या पाइपातून. आईने तळ्याच्या बाजूला माझ्यासाठी एक मोठी खिडकी मात्र ठेवू दिली. त्या खिडकीत आता तीच बसून असते, मी गेले तरी मला जागा मिळत नाही.

राहायला गेलो त्या सकाळी सामान लावण्याच्या गडबडीत अण्णा दिसेनात. आधी मागे तळ्याकडे पळाले. तिथे कुणी नव्हतं. धापा टाकत पुढच्या दारात आले, तर अण्णा हॉटेलाच्या बाजूने गल्लीतून येत होते. एकटेच, तोंडाने काहीतरी गुणगुणत. त्यांच्या वाटेत मधोमध मी उभी होते. इतक्या महिन्यांच्या सवयीने पुढे झालेला हात मी मागे घेतला आणि भिंतीला चिकटून श्वास रोखून धरला. ते माझ्या अगदी जवळून आत गेले. मी तिथे आहे हे त्यांना कळलंही नाही. मी तशीच खाली बसले आणि आवाज न करता पोटभर रडले.