उंबरठ्याचे जाणकार

बाळांनो, आमच्या शेजारी गावच्या शेतकी सोसायटीचे सचिव राहतात. टीव्हीवरच्या खुनाच्या मालिकेत कोणी उंबरठ्यावर घुटमळलं की ते लगेच निकाल देतात, "काकू, ह्योच खुनी हाय. उंबरठा समदं सांगतो!" खुनी दुसराच निघतो; चूक अर्थात मालिकेची.

परवा आम्ही त्यांच्याकडे मालिका बघत होतो, तेवढ्यात ऊसतोडीला जाणारी एक बाई बैल अंगणात उभे करून दारात आली. सोसायटीच्या चारा छावणीत बैल दाखल करायला सचिवांची सही हवी होती. बैल दोन दिवस उपाशी होते.

सचिव बसूनच म्हणाले, "उंबरठ्यावरून कागद घेऊ न्हाई, बाई. अपशकुन हाय." आत ये, असंही म्हणाले नाहीत.

"मग बैलच आत आणते, सायेब," म्हणत तिनं कासरा ओढला.

सचिव अनवाणीच अंगणात धावले. बैलाच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. हाडं इतकी वर आली होती, की सही वाकडी उमटली.