उजव्या भिंतीची ज्वारी

विषय : निरोप समारंभाच्या भाकरीतून उरलेल्या पिठाची तपासणी होणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे पोट.

किस्से साठवावे लागत नाहीत. दमट कोठीतल्या मक्यावर बुरशी धरते तसे ते आपोआप धरतात. एक दिसला की समजावं, मागे पोतंभर आहेत.

आमचं संशोधन केंद्र जळगावहून नशिराबादकडे जाताना. मी तिथे कारकून होतो. एका खोलीत कोंबड्यांच्या खाद्यासाठी माशीच्या अळ्या वाढवत, समोरच्या खोलीत धान्यातल्या बुरशीचं विष तपासत. पहिल्याच दिवशी त्या तपासणीच्या मॅडमनी सांगितलं, "हे विष दिसत नाही, त्याला वास नाही, भाजूनही पुरतं जात नाही."

"मग कळतं कसं?"

"यंत्राला लगेच कळतं. लिव्हरला उशिरा."

तेव्हापासून मी शेंगदाणासुद्धा फोडून, उजेडात धरून खातो!

*

अळ्या तयार झाल्या की कोरडी जागा शोधत निघतात. एकदा झाकण उघडं राहिलं आणि त्या थेट ऑफिसात आल्या. नेमके ऑडिटर बसलेले. ऑडिटरसाहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि ते किंचाळले, "हे काय आहे?"

मी म्हणालो, "शिल्लक साठा, साहेब. मोजून घ्या."

साठा पडताळणी त्या वर्षी खुर्चीवरूनच झाली.

*

धुळ्याकडचे एक आबा मक्याचं पोतं घेऊन आले. तपासलं, तर विष निघालं.

"मंग कोंबडीस्ले टाकू का?"

"नको, आबा."

"ढोरस्ले?"

"मुळीच नको. दुधात उतरतं."

"मंग तुम्हीच ठेवा हाई बठ्ठं!" म्हणत आबा पोतं टाकून निघून गेले.

असं धान्य नष्ट करायला वरची मंजुरी लागते. ती येत नाही. म्हणून ते कोठीतच राहतं. कोठी सांभाळणारे सुकदेवनाना. त्यांची शिस्त सोपी : डाव्या भिंतीला विषारी, उजव्या भिंतीला चांगलं. मका-ज्वारी दोन्हीकडे, पोती सारखीच, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. आणि प्रथा अशी की, कुणी रिटायर झालं की उजव्या भिंतीच्या ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत.

*

मी रिटायर झालो. नानांच्या घरून भाकऱ्या आल्या, सोबत भरीत, मिरचीचा ठेचा. सत्कारमूर्ती म्हणून सगळा आग्रह मलाच. "भाऊ, अजून एक घ्या!" घेतली. मॅडमही म्हणाल्या, "नाना, ज्वारी छान आहे हं."

"कोठीतलीच, मॅडम. उजव्या भिंतीची."

मॅडमचा घास हातातच राहिला. "नाना, परवा कोठीला रंग दिला ना? पोती बाहेर काढली होती. परत कुणी लावली?"

नाना सावकाश म्हणाले, "रंगाऱ्यांनी."

भाषण माझं बाकी होतं. ते झालंच नाही.

*

"एका जेवणानं सहसा काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. उभी नोकरी सरकारी कागदांत गेली. 'सहसा'ची भीती मला चांगलीच ठाऊक आहे. रोज सकाळी आरशात डोळे पिवळे झालेत का पाहतो. तेवढ्यात नानांचा फोन येतो.

"भाऊ, कसं वाटतंय?"

"ठीक आहे."

"मंग मी बी ठीक आहे," म्हणून ठेवतात.

*

परवा मात्र नानांचा फोन आनंदाचा होता. "भाऊ, घाबरू नका! उरलेलं थोडं पीठ अळ्यांना घातलं. बठ्ठ्या ठणठणीत!"

पहिल्यांदाच पोटभर जेवलो. संध्याकाळी मॅडमना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, त्यांना हे विष बाधत नाही. म्हणून तर त्यांच्यावर संशोधन चाललंय."

उरलेलं पीठ मॅडमच्या फ्रीजमध्ये आहे. यंत्र समोरच्याच खोलीत. पण त्यात फक्त शेतकऱ्याचा किंवा प्रकल्पाचा नमुना घालता येतो. मी दोन्ही नाही. म्हणून वर अर्ज केला. उत्तरात विचारणा आली : 'अर्जदाराची सध्याची प्रकृती कळवावी.'

कळवली आहे. अर्ज प्रलंबित आहे.