तिसरी हाक

मी मुळशी सोडली तेव्हा आबा एस्टीच्या थांब्यावर आले होते. माझी बॅग त्यांनी आत ढकलली आणि गाडी हलल्यावर "सुमे" अशी एकदाच हाक मारली. मी वळले नाही. वळले असते तर खाली उतरले असते. दादा, वहिनी, हे तुम्हाला कधी बोलले नव्हते.

आता रॉटरडॅमला असते. इथल्यांनी पाणी हटवून जमीन केली, आपली जमीन पाण्याखाली गेली. काम म्हणाल तर जुन्या कागदांतलं कुणाच्या तरी आवाजात रेकॉर्ड करून हॉलमध्ये लोकांना ऐकवते. वहिनी अजून विचारतात, "म्हंजे डीजे का?" बरं बाई, डीजे.

तीन वर्षांपूर्वी सरकारी दप्तरात धरणाखाली गेलेल्या शेतांची यादी मिळाली. मोडीतली, नुसती नावं. उंबराचं खाचर, थोरली दांड, कोंडीवरचा माळ. ही शेतं आबांनीही पाहिली नव्हती, पण त्यांच्या आज्यानं त्यांच्याकडून नावं पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती. म्हणून आवाज त्यांचाच घ्यायचं ठरवलं.

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं होतं. काठावर माइक लावून मी म्हटलं, प्रत्येक नाव एकदाच घ्या, मधे शांतता राहू दे. आबा भडकलेच.

"एका हाकेला आपल्यात कुणी ओ देत न्हाई. एकदा मारतंय ते मेलेलं. जित्या माणसानं तीनदा हाक मारायची."

लहानपणी अंधार पडला की तिसऱ्या हाकेशिवाय दार उघडू द्यायचे नाहीत. मी विसरले होते. शहाणी झाले होते ना! मग त्यांनी प्रत्येक शेताला तीनदा हाक मारली, बांधावरून गड्याला मारतात तशी, आणि दर वेळी पाण्याकडे बघत थांबले. मला मात्र थांब्यावरची ती एकच हाक डाचायला लागली. मला ओ द्यावी लागू नये म्हणून एकदाच मारली, की मी त्यांच्या लेखी संपलेच होते? विचारायचा धीर झाला नाही. दोन-चार नावं उरली तेव्हा बॅटरी आणायच्या निमित्तानं मी रेकॉर्डिंग चालूच ठेवून वर गाडीकडे गेले. परतले तर आबा काठावर बसलेले. झालं म्हणाले. पुढं कामासाठी मी शेवटच्या शेतापाशी रेकॉर्डिंग कापलं, त्यापुढचं ऐकलंही नाही.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

या महिन्यात इथं पुन्हा ती यादी ऐकवायची होती. या वेळी त्यांचा आवाज कापवेना, अख्खं रेकॉर्डिंग लावलं. शेवटचं शेत झालं, नुसता वारा आला. मग, "सुमे." थोड्या वेळानं पुन्हा, "सुमे." वारा थांबेचना. आबा, मारा हो, एवढी एक मारा.

"सुमे."

भर हॉलमध्ये मी मोठ्यानं ओ दिली. लोक बघायला लागले. बघू देत.

दादा, मेमध्ये पाणी उतरलं की मी येते. आता घर म्हणून मला आबांच्या हाकांचा तो काठच राहिलाय. थांब्यावर येशील तेव्हा मला तीनदा हाक मार.