मशरूमचं बी

मी विज्ञान इंग्रजीतून शिकले. त्यामुळे घरी त्यातलं काही सांगायची वेळ आली की अडखळते. गोष्ट माहीत असते, पण तिचं मराठी नाव माहीत नसतं. मग जवळचा कुठला तरी शब्द वापरून वेळ मारून नेते. आईशी बोलताना तर जास्तच. ती घरात अहिराणी बोलते आणि मी तिला मराठीत उत्तर देते. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून आमचं असंच चाललंय. तिला मम्मी म्हणणंही शाळेतूनच आलं.

बी.एस्सी. झाल्यावर मी पुण्यात एका कंपनीत काही महिने नोकरी केली. दिवसभर अनोळखी लोकांना फोन लावायचे. मला ते जमलं नाही. शहाद्याला परत आले तेव्हा पप्पांनी काही विचारलं नाही. ते पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात कामाला आहेत, पाळी सुटली की येऊन झोपतात. घरामागे एक पत्र्याची खोली होती. पूर्वी मामांचा कापूस भाव वाढेपर्यंत तिथे पडून असायचा, आता ती रिकामी होती. मशरूमच्या धंद्यात माणसांशी फार बोलावं लागत नसेल, असं मला वाटलं. हा धंदा निवडण्यामागे खरं कारण एवढंच होतं.

तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि इंटरनेटवरून एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका फोनमध्ये उतरवून घेतली. धिंगरी जातीचं मशरूम वाढवण्याची कृती तशी सोपी आहे. गव्हाचं काड भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळलं की प्लास्टिकच्या पिशवीत थर देत भरायचं आणि प्रत्येक थरावर बी पसरायचं. हे बी म्हणजे शिजवलेल्या धान्याच्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशी. ते पाकिटात विकत मिळतं आणि सगळेच त्याला बी म्हणतात. पुढे पिशव्या टांगायच्या, खोली ओलसर ठेवायची आणि वाट बघायची.

मी पुस्तिका वाचायचे आणि मम्मीला मराठीत सांगायचे. सुरुवातीला ती फक्त बघायला यायची. पहिल्या पिशवीतून पांढरे कोंब बाहेर आले त्या सकाळी तिने मला उठवायला म्हणून हाक मारली आणि मी जाईपर्यंत ती तिथेच उभी होती. त्यानंतर खोली तिचीच झाली. सकाळचा चहा झाला की ती आत जायची, पाणी फवारायची, तोडणी करायची, पिशव्यांशी बोलायची. "आज काहीच नही दिधं तू, बाजूवाली देख कशी भरी गई," असं एखाद्या पिशवीला ऐकवायची.

विकायचं कामही तिनेच घेतलं. आमच्या कॉलनीत आणि एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत ती टोपली घेऊन जायची. मी दोन पावलं मागे, पिशव्या धरून.

"हाई काय आनं तुम्ही? ह्या कुत्रास्न्या छत्र्या आम्ही नही खातस," एक बाई दारातूनच म्हणाली.

"तू नको खाऊ माय. तुन्ही सासूले खावाड. गोड लागनं तर तुले शिव्या देवाना बंद व्हई."

आतून सासूच हसली आणि पाव किलो घेतलं. मम्मीला असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. घरात पाहुणे आले की ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. गल्लीत मात्र लोक तिला नावाने ओळखू लागले आणि माझं बोलणंही तीच बोलू लागली.

मोठी मशरूम लोकांना आवडायची. लहान तोडलेली दिसली की बायका म्हणायच्या, अजून वाढू द्यायचं होतं. म्हणून आम्ही एखाद-दोन दिवस थांबायला लागलो. छत्र्या पसरून कडा वर वळायच्या आणि खालच्या पिशवीवर, फरशीवर पांढरी भुकटी पडायची, चाळणीतून मैदा पडल्यासारखी.

"बेटा, हाई पांढरं काय शे?"

ते स्पोअर्स होते. शब्द माझ्या जिभेवर होता, पण मराठी सापडेना. बीजाणू हा शब्द तेव्हा मी ऐकलाही नव्हता.

मी म्हणाले, "मशरूमचं बी आहे ते."

दोन-तीन दिवसांनी मला खिडकीत स्टीलचा डबा दिसला. मम्मी रोज मऊ फडक्याने आणि जुन्या ब्रशने ती भुकटी गोळा करून त्यात भरत होती. पिशवीला चेहरा चिकटवून, एक कणही सांडू न देता. मी विचारलं तर म्हणाली, "बी शे ना? मंग फेकतस का कोनी? पुढला साले इकत लेवानी गरज नही."

ती शेतकऱ्याची मुलगी आहे. बी फेकणं तिला कळूच शकत नाही. ती भुकटी पेरून काही उगवणार नाही, ते बी वेगळं आणि हे वेगळं, हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण त्यासाठी बरंच बोलावं लागलं असतं. शिवाय मला तिची गंमत वाटली. डब्याचा फोटो काढून मी पुण्यातल्या मैत्रिणीला पाठवला, तिने हसणारे चेहरे पाठवले.

याच भुकटीबद्दल पुस्तिकेत एक परिच्छेद होता. छत्र्या पसरण्याआधी तोडणी करावी, खोली हवेशीर ठेवावी, तोंडाला मास्क लावावा, रोज श्वासात गेल्यास फुप्फुसांना त्रास होऊ शकतो. मी तो वाचला होता. मास्कचं पाकीटही आणलं होतं. मम्मीने दोन दिवस मास्क लावला, मग "बोलता येत नही याम्हा" म्हणून खुंटीला अडकवून ठेवला. मी आग्रह केला नाही. का लावायचा ते सांगितलं असतं तर ती घाबरली असती. खोलीत आली नसती. मग गल्लीत टोपली घेऊन मला एकटीला जावं लागलं असतं. हे मी तेव्हा इतक्या स्पष्ट शब्दांत स्वतःला सांगितलं नव्हतं, पण मनात हेच होतं.

थंडी सरत आली तेव्हा तिला खोकला सुरू झाला. कोरडा, थांबायचाच नाही. सकाळी ठणठणीत असायची, दुपारचं जेवण झालं की अंगात कणकण यायची, तीन-चारच्या सुमारास गोधडी घेऊन पडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खोलीत. "थंडी शे म्हनीसन येस," ती म्हणायची. गल्लीत टोपली उचलून चालताना ती आता मध्येच कुणाच्या तरी ओट्यावर बसायची आणि त्या घरच्या बाईशी गप्पा मारतेय असं दाखवायची. मी बघत होते.

आम्ही नंदुरबारला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि विचारलं, "घरात कबुतरं आहेत का? पोपट वगैरे?"

"मन्हा घरमा मानसंस्ले जागा नही, डॉक्टर," मम्मी हसत म्हणाली आणि तिला खोकला आला.

"कापसाच्या जिनिंगमध्ये काम? धुळीचं काम?"

"नही."

"घरात ओल, बुरशी?"

"नही, नही. घर कोरडं शे."

मशरूम म्हणजे बुरशीच, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ती भाजी होती. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खोलीचं नाव काढलं नाही. आपल्याला कुठे खात्री आहे, असं मी स्वतःला समजावलं. त्यांनी औषधं दिली, श्वासाचा पंप दिला, पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

मधल्या काळात ती लग्नासाठी तळोद्याला मावशीकडे गेली. पाच दिवस राहिली. फोनवर मावशी म्हणाली, तुन्ही मायले काही नही व्हयेल, रात दिन नाची ऱ्हायनी. परत आली ती थेट खोलीत गेली. पाच दिवस तोडणी माझ्यावर होती, आता तिला ती सोडवत नव्हती. त्याच दुपारी ती गोधडीखाली इतकी थरथरत होती की खाटेचा आवाज येत होता. आता खात्री नाही असं म्हणायला मला जागा उरली नव्हती.

दुसऱ्या भेटीत मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, पण इंग्रजीत. खोली, भुकटी, डबा, मास्क. मम्मी माझ्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टर ऐकून घेऊन म्हणाले, "हे मागच्या वेळी का नाही सांगितलं?" हे मात्र ते मराठीत म्हणाले. मग त्यांनी तिला समजावलं की त्या खोलीत आता पाऊलही ठेवायचं नाही. फुप्फुसांना आलेली सूज औषधाने उतरेल, पण त्यांचा काही भाग कडक झाला आहे, तो तसाच राहील.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. तापीवरचा प्रकाशा गावचा पूल आला तेव्हा तिने माझ्याकडे तोंड केलं.

"काय सांगं तू त्याले?"

मी सांगितलं.

"पुस्तकमा लिखेल व्हतं?"

"हो."

"वाच."

मी फोन काढला, तो परिच्छेद शोधला आणि एकेक वाक्य मराठीत करून वाचला. या वेळी काही गाळलं नाही. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज इतका खाली गेला की तिला कान जवळ आणावा लागला.

"मंग तू बी शे असं कसाले सांगं?"

"मला शब्द माहीत नव्हता."

ती पुन्हा खिडकीकडे वळली. माझ्याशी नाही तर स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "इतलं जमा करं मी."

त्यानंतर घरी तिने हा विषय काढला नाही. पप्पांनी आणि मी सगळ्या पिशव्या मामांच्या शेतात नेऊन पुरल्या. खोली फिनाईलने धुतली. भर उन्हात मम्मी अंगणातल्या खुर्चीवर बसून आम्ही काय काय बाहेर काढतो ते बघत होती. एकदाच म्हणाली, "ती कोपरावाली अजून देती एक डाव." ताप बंद झाला. खोकला कमी झाला. पण पाण्याची बादली ती आता अर्धीच भरते आणि ओट्याच्या तीन पायऱ्या चढल्यावर खांबाला धरून उभी राहते.

गेल्या आठवड्यात गल्लीतली ती पाव किलो घेणारी सासू फाटकाशी आली. मी आत भाजी निवडत होते. महिना झाला, टोपली का येत नाही, असं ती विचारत होती. मम्मी खुर्चीतून उठली असावी, कारण तिचा श्वास मला आतपर्यंत ऐकू आला.

"बंद करी टाकं," ती म्हणाली. फाटकाची कडी वाजली, बहुतेक तिने आधाराला धरली. "पोरनी परीक्षा शे. अभ्यास करी ऱ्हायनी ती, तिले येळ नही."

माझी कुठलीच परीक्षा नाही. म्हातारी म्हणाली, "चांगलं शे, शिकू दे," आणि तिथेच उभी राहून दुसरं काहीबाही बोलू लागली. मम्मी एकेका शब्दाने उत्तर देत होती. मी बाहेर जाऊन तिला खुर्ची पुढे करायला हवी होती. मी हातातली मेथी निवडत राहिले, फाटक लागल्याचा आवाज येईपर्यंत.